वरची ओळ करपते, खालची कुजते: घरातल्या हिरव्या भिंतीचा प्रकाश आणि पाणी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नक्की कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. घोडबंदर रोडला नवव्या मजल्यावर फ्लॅट. हॉलमध्ये खिडकीसमोरची, खिडकीपासून साधारण १४ फूट आत असलेली भिंत. तिच्यावर ६ फूट रुंद आणि ८ फूट उंच व्हर्टिकल गार्डन, १२ कुंड्यांच्या ८ ओळी, म्हणजे ९६ कुंड्या. फॉल्स सीलिंगमध्ये ७ वॅटचे चार वॉर्म, म्हणजे पिवळसर, स्पॉट, संध्याकाळी ६ ते ११ चालू. ठिबक टायमरवर, सकाळ-संध्याकाळ ५-५ मिनिटं. चार महिन्यांत वरच्या दोन ओळींची पानं कडेने करपली आणि खालच्या दोन ओळी कुजल्या. भिंत लावून देणारे म्हणतात पाणी वाढवा, नर्सरीवाले म्हणतात झाडं बदला. आणि तुम्ही विचारताय, जांभळे ग्रो लाइट लावू का, आणि पाणी दिवसातून किती वेळा देऊ?

मी नवी मुंबईत गेली बारा-तेरा वर्षं घरांमधल्या आणि ऑफिसांमधल्या अशा भिंती लावते आणि सांभाळते. पाण्याचा आकडा मी सांगेन, पण थोडा पुढे. कारण तुमच्या भिंतीचं खरं दुखणं पाण्याच्या वेळापत्रकात नाही. प्रकाश वरून येतो आणि खाली जाताना कमी कमी होत जातो. पाणीही वरूनच येतं, पण ते खाली जाताना साठत जातं. त्यामुळे तळाच्या ओळीत उजेड सगळ्यात कमी आणि ओल सगळ्यात जास्त, आणि वरच्या ओळीत बरोबर उलटं. तुम्ही पाणी वाढवलंत तर खालचं अजून कुजेल, कमी केलंत तर वरचं अजून करपेल. पाण्याचा कुठलाही एक आकडा या भिंतीला आज जुळणार नाही. ही जोडी आधी तोडायला हवी.

झाड पाणी पितं ते मुख्यतः पानांतून वाफ बाहेर जाते म्हणून, आणि पानांची छिद्रं उघडतात ती उजेडात. उजेड नाही तर छिद्रं मिटलेली, मुळांकडून मागणी नाही, कुंडीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तसंच चिंब. भिजलेल्या कोकोपीटमध्ये मुळांना हवा मिळत नाही, ती तपकिरी होतात, बुळबुळीत होतात. मग झाड मान टाकतं, कारण कुजलेली मुळं पाणी उचलू शकत नाहीत. आपल्याला वाटतं तहान लागली आहे आणि आपण अजून पाणी घालतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या भिंतींपैकी बहुतेक याच फेऱ्यात सापडलेल्या होत्या.

पावसाळ्यात येऊरच्या जंगलात गेलात तर ओढ्यालगतचा एखादा उभा कातळ जवळून पाहा. बिगोनिया, हंसराज, शेवाळं, सगळं उभ्या दगडावर वाढलेलं असतं. पाणी तिथे सतत असतं, पण पातळ थराने सरकत असतं, थांबत नाही, आणि मुळं अर्धी हवेतच असतात. आपल्या भिंतीतली कुंडी म्हणजे प्लॅस्टिकचा डबा. तिथे पाणी थांबतं. म्हणून पाणी घालण्याइतकीच ते निथळण्याची काळजी घ्यावी लागते.

आता प्रकाशाचा हिशेब. हा आकड्यांनीच करावा लागतो, कारण डोळा इथे फसवतो. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप. १०० लक्स आणि १००० लक्स यांतला फरक आपल्या डोळ्याला ‘जरा जास्त उजेड’ इतकाच वाटतो, झाडासाठी मात्र तो दसपट असतो. बाहेर भर उन्हात लाखभर लक्स असतात. खिडकीपासून १४ फूट आत, समोरच्या टॉवरची सावली धरून, दिवसा १००-१५० लक्स मिळाले तरी पुष्कळ.

तुमचे चार स्पॉट मिळून २८ वॅट, म्हणजे ढोबळ २४०० ल्युमेन. ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड; तो जितक्या चौरस मीटरवर पसरतो तितक्याने भागला की लक्स मिळतात. भिंत ४८ चौरस फूट, म्हणजे साडेचार चौरस मीटर. सगळा प्रकाश पानांवरच पडला असं धरलं तरी सरासरी साडेपाचशे लक्ससुद्धा होत नाहीत. प्रत्यक्षात सीलिंगमधले स्पॉट सरळ खाली बघतात, त्यामुळे निम्मा उजेड फरशीवर जातो. म्हणजे हाती आले पावणेतीनशे, तेही पाच तास. लक्स गुणिले तास करा: स्पॉटचे साधारण १४००, खिडकीच्या उजेडाचे हजारभर, एकूण चोवीसशेच्या आसपास. सावलीत वाढणाऱ्या झाडांची भिंत टिकवायला मी सरासरी २००० लक्स १२ तास धरते, म्हणजे २४,०००. तुमची झाडं गरजेच्या दहाव्या हिश्श्यावर चार महिने तगून राहिली. म्हणून आधी झाडं बदलू नका म्हणते. नवीन झाडंही नर्सरीतून भरल्या पोटी येतील आणि पुन्हा चार महिन्यांनी तिथेच येऊन थांबतील.

म्हणजे किती दिवे? साडेचार चौरस मीटरला २००० लक्स म्हणजे पानांवर ९००० ल्युमेन पडायला हवेत. निम्मे इकडेतिकडे जातात असं धरून १८,००० ल्युमेनचे दिवे. चांगला एलईडी वॅटला १०० ते १२० ल्युमेन देतो, म्हणजे १५० ते १८० वॅट. २० वॅटचे आठ ट्रॅक लाइट घेतले तर १६० वॅट होतात. १२ तास चालवले तर दिवसाला दोन युनिटला थोडे कमी, महिन्याला ५८ युनिटच्या आसपास. तुमच्या वीजबिलावरच्या शेवटच्या स्लॅबच्या दराने गुणून पाहा आणि घरात सगळ्यांशी बोलून मगच ठरवा. हा खर्च झेपणार नसेल तर भिंत लहान करणं हा प्रामाणिक उपाय आहे. ४८ चौरस फुटांची आजारी भिंत बघण्यापेक्षा २० चौरस फुटांची टवटवीत भिंत बघणं मला तरी आवडेल.

पण नुसते वॅट वाढवून भागत नाही, दिवे कुठे बसवता आणि कुठे वळवता ते जास्त महत्त्वाचं. भिंतीपासून ३ फुटांवर दिवा असेल तर वरची ओळ त्याच्यापासून ३ फूट आणि खालची ८ फूट. अंतर पावणेतीन पट झालं की प्रकाश सातपट कमी होतो. त्यात खालच्या ओळीवर तो अगदी तिरका पडतो, आणि वरच्या मनी प्लांटच्या वेली सावली धरतात, त्यामुळे तळाशी पोचतो तो उजेड नावापुरता. मी दिव्यांचे दोन गट करते. निम्मे दिवे रुंद झोताचे, ३६ अंश किंवा जास्त, ते वरच्या अर्ध्या भागासाठी. उरलेले अरुंद झोताचे, १५ ते २४ अंशांचे, भिंतीपासून जरा लांब, ४-५ फुटांवर, आणि ते सरळ तळाच्या तीन ओळींवर रोखलेले. सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांत झोत जात नाही ना, ते बसूनच तपासा. सीलिंग फोडायची नसेल तर वरून बसणारा ट्रॅक लावता येतो, तो बऱ्याच इलेक्ट्रिशियनना जमतो.

जांभळे दिवे नकोत. त्यात झाड वाढत नाही असं नाही. लाल आणि निळा प्रकाश झाडाला लागतोच. पण साध्या पांढऱ्या एलईडीत दोन्ही पुरेसे असतात, आणि हिरवा भागही पानांच्या आतल्या थरांपर्यंत पोचून उपयोगी पडतो. माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. जांभळ्या उजेडात पानाचा खरा रंग दिसत नाही. पान पिवळं पडायला लागलंय, मागच्या बाजूला लाल कोळी ही कीड लागलीय, हे तुम्हाला आठवडाभर उशिरा कळतं. ४००० केल्विनचा पांढरा घ्या, रंग नीट दाखवणारा, सीआरआय ९० च्या वरचा. शिवाय हा तुमचा हॉल आहे, रोज संध्याकाळी घरातली माणसं इथे बसणार.

दिवे १२ तास, सलग, टायमरवर. सकाळी १० ते रात्री १० ठेवलेत तर संध्याकाळी भिंत उजळलेली दिसते आणि झाडांना रात्रही मिळते. टायमर बॅटरीवर वेळ राखणारा घ्या. साधा फिरत्या तबकडीचा टायमर वीज गेली की तेवढा मागे पडतो आणि पावसाळ्यानंतर दिवे मध्यरात्री लागायला लागतात.

दिवे लावल्यावर मोजा. लक्समीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, नाहीतर मोबाइलमधलं अ‍ॅप वापरा. मोबाइलचा आकडा तंतोतंत नसतो, पण वर किती आणि खाली किती ही तुलना करायला चालतो. मीटर पानांच्या पातळीवर, भिंतीला समांतर, तोंड हॉलकडे करून धरा. पडदे ओढून रात्री मोजलंत तर फक्त दिव्यांचा हिशेब मिळेल. तळाच्या ओळीत कुठेही १००० च्या खाली नको आणि वर ४००० च्या फार वर नको.

आता पाणी. तुम्ही ड्रिपर, म्हणजे कुंडीत थेंब सोडणारी ठिबकची तोंडं, कुठले ते लिहिलेलं नाही. तासाला २ लिटरचे असतील असं धरते, कारण अशा पॅनेलमध्ये बहुतेक तेच येतात. ५ मिनिटांत एक ड्रिपर १६७ मिली पाणी देतो. दिवसातून दोनदा म्हणजे कुंडीला ३३३ मिली, ९६ कुंड्यांना ३२ लिटर. अर्ध्या-पाऊण लिटरच्या कुंडीसाठी, अंधारात उभ्या असलेल्या झाडासाठी, हे फारच जास्त आहे. मग वरची ओळ कोरडी का? कारण तिला १६७ मिली मिळतच नसणार. तुमच्या टाकीतला पंप छोटा असेल, तर ८ फूट वर चढेपर्यंत त्याचा दाब संपतो आणि पाणी खालच्या ओळींच्या ड्रिपरमधून निघून जातं. त्यात वरच्या ओळीवर स्प्लिट एसीचा झोत येत असेल तर करपण्याला दुसरं कारण शोधायला नको. एसीची पाती आजच फिरवून बघा, त्याला एक पैसाही लागत नाही.

हे तर्काने सांगतेय, तुम्ही प्रत्यक्ष मोजा. सगळ्यात वरच्या ओळीतल्या दोन आणि सगळ्यात खालच्या ओळीतल्या दोन ड्रिपरखाली ग्लास लावा आणि पंप ५ मिनिटं चालवा. चारही ग्लासांत पाणी सारखं हवं. पंप बंद झाल्यावर ग्लास लगेच काढू नका, अजून दहा मिनिटं थांबा. बहुतेक जण इथेच घाई करतात. पंप थांबला की १६ मिलीमीटरच्या नळ्यांत उरलेलं पाणी खालच्या ओळीतून गळत राहतं. अशा नळीत मीटरला साधारण १४५ मिली पाणी मावतं. तुमच्या भिंतीवर मिळून १५-१६ मीटर नळी असेल, म्हणजे प्रत्येक वेळी दोन लिटरच्या आसपास पाणी तळाच्या १२ कुंड्यांत उतरतं. कुंडीला पावणेदोनशे मिली जादा. म्हणजे त्यांच्या वाट्याचं पाणी एकदा मिळालं, आणि तेवढंच पुन्हा फुकट! तुम्ही सकाळ-संध्याकाळऐवजी तीनदा थोडं थोडं द्यायला गेलात तर तळाला हा जादा हप्ता तीनदा बसेल.

यावर उपाय म्हणजे ड्रिपर बदलणं. दाब कमी-जास्त झाला तरी सारखं पाणी सोडणारे आणि पंप थांबताच तोंड मिटणारे ड्रिपर ठिबकच्या दुकानात मिळतात. शेतकरी चढ-उताराच्या बागेला तेच वापरतात, दुकानदाराला तसंच सांगा. पण या ड्रिपरना नीट चालायला किमान दाब लागतो. ८ फुटांचा चढ म्हणजे अडीच मीटर, त्यावर ड्रिपरसाठी १० मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब. म्हणून पंपावर १३ मीटरच्या आसपास हेड (पंप पाणी किती उंच चढवू शकतो तो आकडा) लिहिलेलं असलं पाहिजे, आणि तेही तुमच्या प्रवाहाला. पंपानंतर जाळीचा फिल्टर असू द्या आणि तो महिन्यातून एकदा उघडून धुवा.

आणि आता तुम्ही विचारलेला आकडा. दिवे बदलल्यावर आणि ड्रिपर नीट झाल्यावर ३ मिनिटं, म्हणजे कुंडीला १०० मिली, दिवसाआड, सकाळी दिवे लागल्यावर तासाभराने. इथून सुरुवात करा. मार्च ते मे, एसी रोज चालत असेल, तर रोज एकदा लागू शकतं. जुलैत हवा भिजलेली असते, तेव्हा तीन-चार दिवसांतून एकदाही पुरतं. तुमच्या घरात पंखा किती चालतो, खिडक्या किती वेळ उघड्या असतात, कोकोपीटमध्ये परलाइट (निथळण्यासाठी घालतात ते हलके पांढरे खडे) किती मिसळलं आहे, यावर हे हलतं. म्हणून टायमरवर विसंबून राहू नका. आठवड्यातून दोनदा वर, मध्ये आणि खाली अशा तीन कुंड्या बाहेर काढा आणि हातात तोलून बघा. महिनाभरात हाताला वजन कळायला लागतं. बोट दोन पेरं आत घालून ओल लागली तर त्या दिवशी पंप बंद ठेवा.

दिवे आणि पंप यांना एकमेकांशी बांधून ठेवा, हे मी माझ्या चुकीतून शिकले. सुरुवातीच्या काळात ऐरोलीच्या एका ऑफिसच्या लॉबीत मी मोठी भिंत लावली होती. दिवे इमारतीच्या मुख्य लाइनवर घेतले आणि पंप वेगळ्या सॉकेटवर. दिवाळीत ऑफिस पाच दिवस बंद होतं. रखवालदाराने नियमाप्रमाणे मुख्य लाइन बंद केली, पंप मात्र दिवसातून तीनदा चालत राहिला. माणसं परत आली तेव्हा लॉबीत कुबट वास होता, आणि पुढच्या तीन आठवड्यांत खालचा जवळजवळ सगळा भाग मी काढून टाकला. तेव्हापासून माझ्या कुठल्याही भिंतीत दिवे बंद असताना पंप सुरू होऊ शकत नाही. तुम्ही गावी जाल तेव्हा ‘लाइट कशाला जाळायची’ म्हणून दिवे बंद करून पाणी चालू ठेवण्याचा मोह होईल. तसं करू नका. दोन्ही चालू ठेवा, आणि पाण्याच्या खेपा कमी करा.

पाणी कुठलं, हेही विचारते. महापालिकेचं पाणी धरणाचं असल्यामुळे सहसा त्रास देत नाही. तुमच्या बाजूच्या बऱ्याच सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर असतात आणि टँकरचं पाणी बोअरचं असेल तर त्यात क्षार जास्त. बाहेरच्या बागेतले क्षार पावसात धुऊन जातात, हॉलमधल्या कुंडीवर पाऊस पडत नाही. कुंडीच्या कडेला पांढरी रेघ आणि पानांची टोकं तपकिरी दिसली तर हेच समजा. तुमच्या वरच्या ओळीच्या करपण्यात याचाही वाटा असू शकतो. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी भिंतीला कधीच घालू नका, सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. एसीचं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं आणि आपल्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर सहज देतो. गाळून, टँकरच्या पाण्यात निम्मं मिसळून वापरा. महिन्यातून एकदा नेहमीच्या तिप्पट पाणी सोडून कुंड्या धुऊन काढा आणि ते पाणी खालच्या पन्हाळीतून बाहेर जाऊ द्या, टाकीत परत नको. खत म्हणाल तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं पाण्यात विरघळणारं खत), लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. तेही नवीन दिव्यांखाली नवी पानं यायला लागल्यावरच.

टाकीचं झाकण घट्ट हवं आणि पन्हाळीत पाणी उभं राहता कामा नये. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. दर रविवारी टाकी घासून काढली तर ही साखळी तुटते. दिवे आणि पंप ईएलसीबीवर, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर, आहेत ना, ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. पॅनेल आणि भिंत यांच्यात बोटभर तरी मोकळी जागा आणि मागे न भिजणारा पत्रा हवा, नाहीतर पलीकडच्या खोलीत ओल उतरेल.

झाडांबद्दल थोडंच सांगते. वरच्या तीन ओळींत स्पायडर प्लांट आणि मनी प्लांट, थोडी कोरड सोसणारे. तळाला पीस लिली, सिंगोनियम, हृदयाच्या आकाराच्या पानाचा फिलोडेंड्रॉन. बोस्टन फर्न मधल्या ओळींत, तिला उजेडही लागतो आणि ओलही. वेली दर तीन-चार आठवड्यांनी छाटा, त्या एक हात लांब झाल्या की खालच्या दोन ओळींचा उजेड खातात. छाटणीचा आळस कितीही चांगल्या दिव्यांना हरवतो. घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर खालच्या ओळींत मनी प्लांट, सिंगोनियम, पीस लिली, फिलोडेंड्रॉन यांपैकी काहीच नको. यांची पानं चावली तर तोंडाची आग होते. तिथे बाळाला आणि मांजराला न बाधणारा स्पायडर प्लांटच बरा.

कामाचा क्रम असा ठेवा. आज एसीची पाती फिरवा, पाणी दिवसाआड एकदा करा आणि ग्लास लावून मोजा. वरच्या दोन ओळींना तोपर्यंत हाताने घाला. या आठवड्यात खालच्या दोन ओळींतली झाडं काढून मुळं बघा. पांढरी, टणक मुळं असतील तर सडलेला भाग कापून कोरड्याशा नव्या मिश्रणात लावा. सगळीच बुळबुळीत असतील तर टाकून द्या, पण त्या २४ कुंड्या रिकाम्याच राहू द्या. मग दिवे, मग ड्रिपर आणि पंप. नवे दिवे लागल्यावर मधल्या ओळींना सहा ते आठ आठवडे द्या. जुनी पानं सुधारणार नाहीत, बघायचं ते नव्या पानांकडे. नवं पान जुन्याइतकं मोठं आणि आखूड देठाचं येऊ लागलं की नर्सरीत जा आणि रिकाम्या कुंड्या भरा. दरम्यान वरच्या आणि खालच्या ओळीचे लक्स, चारही ग्लासांतलं पाणी आणि टाकीतल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) मला लिहून पाठवा. त्यावरून तुमच्या भिंतीचे मिनिटांचे आकडे बसवून देईन.